सर्वांना खुली आहे

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. ज्या गोष्टीची मला अजून लाज वाटते ती घडली तेव्हा पंचवीसचा. नागावच्या पुढे, समुद्राला लागून असलेल्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो. घरी मी आणि आई. नारळी-पोफळीची एक वाडी, तिच्यात रहाटाची विहीर, आणि पुढे ओटी-पडवीचं साधं कौलारू घर.

त्या दिवसांत मला एक खोड होती. कोणी परदेशी माणसाने आपल्या देशाबद्दल काही वाईट लिहिलं किंवा बोललं की माझं डोकं तापायचं. रविवारी मी अलिबागला जाऊन वाचनालयात वर्तमानपत्रं चाळायचो. कुणी साहेब येऊन गेला, त्याने आपल्या घाणीवर, गरिबीवर, जातीपातींवर पुस्तक लिहिलं, अशी बातमी दिसली की मी ती आधी वाचायचो. संपादकांनी दिलेलं सणसणीत उत्तर वहीत उतरवून घ्यायचो आणि सोमवारी ते मुलांना वाचून दाखवायचो. मुलं ऐकून घ्यायची. त्यांना त्यातलं किती कळायचं कोण जाणे, पण माझा आवाज चढलेला असायचा एवढं नक्की.

याची मुळं वडिलांपर्यंत जातात. तेही मास्तरच होते. मी सात-आठ वर्षांचा असताना एक गोरा अधिकारी शाळा बघायला आला होता. अंगणात मुलांची रांग उभी होती. त्याने रांगेवरून नजर फिरवली आणि बरोबरच्या कारकुनाला इंग्रजीत काहीतरी म्हणाला. कारकून हसला. वडिलांना इंग्रजी कळत होतं, त्यांचे कान लाल झाले. घरी आल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. साहेब काय म्हणाला ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "यांच्यापुढे आपलं काही उघडं पडू द्यायचं नाही. उणं असलं तरी झाकायचं." बेचाळीस साली ते तुरुंगात जाऊन आले आणि स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच वारले. त्यांचं ते वाक्य मी मंत्रासारखं जपलं.

तर त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाशी सरपंच शाळेत आले. परदेशातली कुठलीशी संस्था आपल्या सरकारच्या बरोबरीने खेड्यांत पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बांधून देणार होती. कुठल्या गावाला गरज आहे ते पाहायला एक इंग्रज बाई येणार होत्या. आमच्या गावात पाच दिवस राहणार. "इंग्रजी बोलणारे तुम्ही एकटेच," सरपंच म्हणाले. "उतरायचीही सोय तुमच्याकडेच करू. गावाची अब्रू तुमच्या हाती."

मी रेवसला धक्क्यावर गेलो. लाँचमधून उतरलेली बाई पन्नाशीची होती, उंच, सुती झग्यातली, हातात कातडी पिशवी. सुरुवातीची काही वर्षं ती परिचारिका होती, असं तिने वाटेत सांगितलं. ती इंग्रजीतच बोलायची. मी तिचं बोलणं इथे मराठीत सांगतो आहे.

धक्क्याजवळ कोळणी वाळूवर जवळा सुकायला पसरत होत्या. बाईंनी पटकन नाकाला रुमाल लावला. "या वासात माणसं राहतात कशी?" त्या म्हणाल्या.

"हा वास म्हणजे त्यांचा पावसाळ्यातला भात आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल पिशवीत टाकला. "बरोबर आहे. माझं चुकलं."

पुढे बसमधून समुद्राच्या कडेला परसाकडे बसलेली माणसं दिसली. त्या काही विचारणार इतक्यात मीच बोललो. "तुमच्या लंडनची शंभर वर्षांपूर्वी काय दशा होती ते आम्ही वाचलं आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातली दोन माणसं गेली त्या घाण पाण्याने. आजी सांगायची. म्हणून तर मी या कामात पडले."

मला वाद हवा होता. तो मिळाला नाही. तरी मी मनात हिशेब करून टाकला की सुरुवातीलाच दोनदा तिला गप्प केलं.

माझी आई कुणाशी वाईट वागणारी नव्हती. तिने बाईंसाठी मिरची न घालता वेगळी आमटी केली, दुपारी शहाळं, रोज ताजं तूप. पण जेवण ओटीवर, केळीच्या पानावर. आणि चहासाठी अलिबागहून मुद्दाम आणवलेला नवा कोरा चिनीमातीचा कप, निळ्या फुलांचा. तो कप घरात यायचा नाही. ओटीच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात ठेवायचा. आई वरून चहा ओतायची, कपाला भांडं लागू न देता.

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी विचारलं, "तुम्ही पितळेच्या भांड्यात चहा घेता. मला हा वेगळा कप का?"

"पाहुण्यांना आमच्याकडे वेगळा कप देतात," मी म्हणालो. "मानाचा."

त्या खूश झाल्या. त्यांनी ते वहीत लिहूनही घेतलं. मी आईला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? आईला ती मड्डम म्हणजे परधर्माची बाई होती, एवढंच. मला वाटलं, मी दोघींचीही अब्रू राखली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावविहिरीवर गेलो. देवळापाशी, उंडीच्या मोठ्या झाडाजवळ ती विहीर होती. बाईंनी दोरी सोडून खोली मोजली, पाणी चाखलं, बाटलीत भरून घेतलं. मग आम्ही कोळीवाड्याकडे जाऊन दोन तासांनी परत आलो. विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर, झाडाच्या सावलीच्या अगदी कडेला, आठ-नऊ बायका बसल्या होत्या. आम्ही जातानाही त्या तिथेच होत्या.

गावाच्या दक्षिण टोकाला त्यांची वस्ती होती. गाव त्यांचा विटाळ मानत असे. त्यांच्या वस्तीत एक खड्डा खणलेला होता. त्याचं पाणी पावसाळ्यानंतर बरं असायचं, पण होळी झाली की मचूळ व्हायचं, मग तोंडात धरवायचं नाही. मग त्या गावविहिरीवर यायच्या. विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कोणी गावातली बाई पाणी भरायला आली आणि तिच्या मनात आलं, तर ती यांच्या मडक्यांत वरून पाणी ओतायची. नाही आलं तर या बसून राहायच्या. माझी आईदेखील ओतायची. तिला कधी कंटाळा आला नाही, हे मी तेव्हा अभिमानाने सांगितलं असतं.

"या बायका सकाळपासून इथे आहेत," बाई म्हणाल्या. "भांडी रिकामीच आहेत. कशाची वाट बघताहेत?"

"ऊन उतरायची."

"त्यांना विचाराल का?"

आता नाही कसं म्हणणार? आम्ही जवळ गेलो. त्यांच्यात एक जण माझ्या रोजच्या ओळखीची होती. आमच्या वाडीत नारळाच्या झावळ्यांची झापं विणायला यायची. वयाने माझ्या आईपेक्षा मोठी, आणि मी तिला बेलाशक अगं-तुगं करत असे. गावात सगळेच करत.

"मॅडम विचारतात, इथे का बसला आहात?" मी म्हणालो.

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "का म्हंजे? पान्याला बसलोय. कोन आली वतायला तर भरू, न्हाय आली तर बसू. काल तिनीसांजेला रिकामीच गेलो. घरात पोरं मचूळ पानी पिऊन हगवनीनं पडलीत. हे सगलं तुमाला ठाव हाय की, मास्तर."

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर त्यांची वही होती. त्या वहीत हे लिहिलं जाईल, ते विलायतेला जाईल, तिथे कोणीतरी ते वाचेल आणि मान हलवून म्हणेल, यांना कशाला हवं होतं स्वातंत्र्य. घटनेने अस्पृश्यता बंद केली, हे मी वर्गात मुलांकडून पाठ करून घेत होतो. ती गोष्ट खोटी पडू द्यायची नव्हती.

"त्या म्हणतात," मी इंग्रजीत सांगितलं, "इथली सावली चांगली आहे. घरची कामं आटपून येतात, घटकाभर गप्पा मारतात, मग पाणी भरून जातात."

बाई हसल्या. म्हणाल्या, "आमच्याकडेही पूर्वी नळावर असंच चालायचं."

झापं विणणाऱ्या त्या बाईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पण तिच्या बोलण्याचं मी काय केलं ते तिला कळलं असणार, कारण ऐकणारी हसली होती, आणि ती जे बोलली त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"कशापायी हसल्या त्या?" तिने विचारलं.

"त्यांना ही जागा आवडली," मी म्हणालो.

तिने मान खाली घातली आणि समोरचं मडकं उगीचच सरळ करून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ती आमच्याकडे कामाला आली. अंगणात झावळ्या पसरून झापं विणत बसली. बाई ओटीवर लिहीत होत्या. दुपारी आईने तिला चहा दिला. तिने उठून बाहेरच्या कोनाड्यातून कान तुटलेला एक कप काढला, लांब धरला, आईने वरून चहा ओतला. चहा पिऊन झाल्यावर तिने आपला कप विसळला. मग आई सहज म्हणाली, "मड्डमचाही विसळून ठेव गो." तिने निळ्या फुलांचा कप विसळला आणि कान तुटलेल्या कपाशेजारी कोनाड्यात पालथा घातला.

मी खांबापाशी वर्तमानपत्र वाचत होतो. सहज वर पाहिलं तर बाईंचं लिहिणं थांबलेलं. त्या कोनाड्याकडे बघत होत्या. एकदा त्या दोन कपांकडे, एकदा अंगणातल्या तिच्याकडे, मग माझ्याकडे. मी पान उलटलं.

संध्याकाळचा चहा झाल्यावर बाई उठल्या. अंगणातल्या बादलीपाशी गेल्या, आपला कप स्वतः विसळला, आणून कोनाड्यात पालथा ठेवला. आई दारातून बघत होती. "शहाणी आहे हो," ती मला म्हणाली. "न सांगता समजलं तिला." आईला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. लाज वाटली म्हणून नव्हे, हे मी कबूल करतो. पकडला गेलो म्हणून. आणि त्याचा सगळा राग मी मनात बाईंवरच काढला. आमच्या घरात राहून, आमचं अन्न खाऊन, ही आमचे कोनाडे तपासते.

शेवटच्या दिवशी बाईंनी ओटीवर छापील कागद मांडले. सरपंच आले होते. कागदावर बरेच प्रश्न होते. विहिरी किती, पाणी गोड की खारं, उन्हाळ्यात टिकतं का. मी वाचत होतो, सरपंच सांगत होते, बाई लिहीत होत्या. मग एक प्रश्न आला. गावातील सार्वजनिक विहीर सर्व कुटुंबांना खुली आहे काय?

बाईंनी पेन खाली ठेवलं. "या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे," त्या मला म्हणाल्या. "त्या दिवशी विहिरीवर त्या बायका काय म्हणाल्या, ते खरं सांगितलंत का तुम्ही?"

सरपंचांना इंग्रजी कळत नव्हतं. ते आमच्या तोंडांकडे बघत होते.

"माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरा दुभाषा बघा," मी म्हणालो.

"विश्वास आहे म्हणूनच विचारते. त्यांना वेगळी विहीर हवी असेल, तर मी लिहू शकते. त्यासाठीच आले आहे. पण मला तसं कोणीतरी सांगायला हवं. नुसतं माझ्या अंदाजाने लिहून चालत नाही."

त्यांनी हे अगदी सौम्यपणे म्हटलं होतं, पण माझा तोल सुटला. उभा राहून मी बोलायला लागलो. दीडशे वर्षं तुम्ही इथे राज्य केलंत, तेव्हा विहिरी सुचल्या नाहीत. बंगालात माणसं भुकेने मेली तेव्हा तुमच्या वह्या कुठे होत्या. आता आमचं आम्ही बघू. तुम्हाला आमची घाण दिसते, आमची दुखणी दिसतात, ती विकून तुम्ही पुस्तकं काढता. आणखी बरंच बोललो. यातलं बरंचसं खरं होतं, आणि हीच तर त्यातली वाईट गोष्ट. खोट्याच्या आधाराला मी एवढं खरं बोललो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हे मी नाकारत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी देशाबद्दल विचारलं नव्हतं. त्या आठ-नऊ बायकांबद्दल विचारलं."

"विहीर सगळ्यांची आहे," मी म्हणालो. "लिहा. सर्वांना खुली आहे."

त्यांनी तसं लिहिलं. खाली माहिती देणाऱ्याची सही लागत होती. मी इंग्रजीत, ठसठशीत सही केली. बाजूला सरपंचांनी केली.

नंतर सरपंचांनी विचारलं, एवढं कशावरून पेटलात? मी सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंत. तोंड बंद केलंत तिचं."

टांगा आला तेव्हा आई ओटीवर उभी होती. बाई पायरी चढल्या नाहीत. खालूनच, अंगणातून हात जोडले. आईला फार आवडलं ते. मला त्यांनी आपला विलायतेतला पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. "कधी काही कळवावंसं वाटलं तर," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्याआधी विहिरींची यादी लागली. शेजारच्या गावात, तिथल्या वस्तीत, सिमेंटच्या कड्यांची पक्की विहीर झाली. आमच्या गावाचं नाव यादीत नव्हतं. असायचं कारणच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या वस्तीतल्या बायका गावविहिरीवर यायच्या बंद झाल्या. शेजारच्या गावातली ती विहीर त्यांच्या नात्यातल्या माणसांची होती, तिथे कोणी अडवत नव्हतं. पण ती दीड मैलावर. खाऱ्या खाजणाच्या बांधावरून जायचं आणि भरल्या मडक्यांनी परत यायचं. त्यांची वाट शाळेच्या खिडकीसमोरून होती. सकाळी मी नागरिकशास्त्र शिकवत असायचो आणि त्या रांगेने जायच्या. मधल्या सुट्टीच्या सुमारास परत यायच्या. उघड्या पावलांना बांधावरची मीठभरली माती लागायची, टाचा फुटलेल्या दिसायच्या. आठ दिवस मी ते पाहिलं. नवव्या दिवशी मी माझं टेबल दुसऱ्या भिंतीकडे हलवून घेतलं, म्हणजे पाठ खिडकीकडे होईल.

मग एक दिवस झापं विणता विणता तिनेच विचारलं. "मास्तर, त्या मड्डमनं आमच्याबद्दल काय लिवलं व्हतं?"

"सरकारी काम आहे," मी म्हणालो. "वेळ लागतो."

हे आणखी एक खोटं. आधीची सगळी मी देशासाठी बोललो होतो, असं मी स्वतःला सांगत होतो. हे कुणासाठी? समोर परकं कुणीच नव्हतं. ती होती आणि मी होतो.

ते खोटं मला पचलं नाही. पंधरा दिवसांनी मी अर्ज लिहिला. गेल्या वर्षी दिलेली माहिती चुकीची होती, चूक माझी आहे, गावविहीर सर्वांना खुली नाही, तरी वस्तीसाठी विहीर मिळावी. तो घेऊन अलिबागला गेलो आणि त्या कामाशी संबंध असलेल्या एका वयस्कर साहेबांना भेटलो. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. खावीशीही वाटत होती.

त्यांनी चष्मा काढला. "परक्या बाईपुढे तुम्ही देशाची लाज राखलीत," ते म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. आता ते कशाला उकरून काढता? हा कागद पुन्हा त्यांच्याकडे जाणार, मग ते विचारणार, आधी खोटं का सांगितलं. शोभेल का ते?" त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. वर माझ्यासाठी चहा मागवला.

मी तो चहा प्यायलो. शाबासकी मिळाल्याने इतकं वाईट वाटू शकतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

परत आलो तो थेट वाडीत गेलो. ती पोफळींच्या सावलीत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिला ते चमत्कारिक वाटलं असावं, कारण ती थोडी मागे सरकली. मी सगळं सांगितलं. त्या दिवशी मी काय भाषांतर केलं, कागदावर काय होतं, सही कुणाची होती. पहिल्यांदाच मी तिला अहो-जाहो करत होतो आणि जीभ अडखळत होती.

ती विणायची थांबली नाही. "तवाच कललं व्हतं मला," ती म्हणाली. "मड्डम हसली तवा." झाप उलटवत म्हणाली, "मंग आता?"

"पुन्हा अर्ज करीन. वरच्या साहेबांकडे."

"त्याला किती दिस?"

"ते सांगता येत नाही."

तिने झावळीची पाती एकात एक घातली, ओढून घट्ट केली. "आनि तुमच्या या हिरीला?" तिने मानेनेच मागे दाखवलं. "हिला कुनाची सही लागती?"

आमची विहीर ती बसली होती तिथून तीस पावलांवर होती. बारमाही गोड पाणी. कित्येक वर्षं ती त्या विहिरीच्या शेजारी बसून झापं विणत होती आणि तहान लागली की आईला हाक मारत होती. बोलण्यात मी इंग्लंडपासून बंगालपर्यंत सगळीकडे फिरून आलो होतो. आमच्या वाडीतली विहीर माझ्या एकदाही मनात आली नव्हती.

मी आईशी बोललो. आई रडली. म्हणाली, "विहीर बाटली तर देवाला पाणी कुठून आणू? मी आहे तोवर तरी थांब." मी मिळवता होतो, घर माझ्या नावावर होतं, आग्रह धरता आला असता. मी मधला मार्ग काढला. सकाळी रेडा जुंपून रहाट सुरू झाला की पाटाचं एक तोंड कुंपणाबाहेर काढायचं. तिथे त्यांनी भरून घ्यायचं. विहिरीला हात नको, वाडीत पाऊल नको.

दोन उन्हाळे त्या तिथे पाणी भरत होत्या. गावात काही जणांनी नावं ठेवली, बऱ्याच जणांनी कौतुक केलं. मास्तर सुधारक आहेत, असं बोललं जायचं. एका सभेत सरपंचांनी ते सर्वांसमोर सांगितलं, तेव्हा मी उठून काही बोललो नाही. कुंपणाबाहेर त्या पाटावर वाकलेल्या असायच्या, पाण्याबरोबर आलेला पालापाचोळा हाताने बाजूला करायच्या, आणि मी ओटीवर दात घासत उभा असायचो.

तिसऱ्या वर्षी वस्तीतली मुंबईला गिरण्यांत कामाला असलेली मुलं सुट्टी काढून आली आणि त्यांनी आपली विहीर स्वतःच खणली, खड्ड्यापासून वरच्या अंगाला. कातळ लागला, तो फोडला. पाणी गोड लागलं. आम्हाला कोणी बोलावलं नाही, आणि का बोलवावं? त्याच सुमारास तिने आमच्याकडचं काम सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. एक दिवस आली नाही, मग आलीच नाही. वाटेत भेटली की "बरं हाय ना, मास्तर?" म्हणायची आणि न थांबता पुढे जायची.

माझा दुसरा अर्ज गेला होता. त्याचं उत्तर कधीच आलं नाही.

बाईंना पत्र लिहायचं मी फार वर्षं मनात धरून होतो. चिठ्ठी जपून ठेवली होती. साठ सालानंतर चार-पाच वेळा तरी बसलो असेन. पहिलं वाक्य नीट उतरायचं. त्या दिवशी मी आपल्याला खोटं सांगितलं. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वाक्यात मात्र 'परंतु' यायचं. परंतु आपण हेही लक्षात घ्यावं. परंतु आमच्या देशाची परिस्थिती. तो शब्द खोडून मी पुन्हा सुरुवात करायचो आणि तो पुन्हा यायचा. शेवटी कागद बाजूला ठेवून मी वाडीत जाऊन झाडांचं शिंपणं बघत उभा राहायचो.